पाण्यातील विष आणि मातीची मुदत

गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवून ते निवळू देण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खड्याच्या दोन-चार फेऱ्या मारल्या आणि हंडा झाकून ठेवला, की सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी नितळ होते. या साध्या क्रियेत तुरटीतील ॲल्युमिनियमचे भुसभुशीत कण पाण्यात तयार होतात. त्यांच्या पृष्ठभागाला मातीचे सूक्ष्म कण, काही जंतू आणि काही विरघळलेली द्रव्येही चिकटतात व त्यांच्याबरोबर खाली जातात. पाणी निवळले याचे समाधान सर्वांनाच होते; परंतु हंड्याच्या तळाशी काय साचले आणि ते पुढे कोठे ओतले गेले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. एका हंड्यापुरती ही बेफिकिरी क्षम्य आहे. नद्यांच्या आणि कोट्यवधी माणसांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत ती क्षम्य नाही, हे गेल्या अर्धशतकातील अनुभवाने पुरेशा कठोरपणे दाखवून दिले आहे.

शिसे, जस्त, कॅडमियम, पारा यांसारखे धातू आणि धातूंशी जवळचे नाते असलेले आर्सेनिक, म्हणजे जुन्या भाषेतील सोमलाचे मूलद्रव्य, ही पाण्यात विरघळली म्हणजे पाण्याच्या वेगानेच पुढे वाहत जातात, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. वाटेत भेटणाऱ्या माती-वाळूच्या कणांशी त्यांचा अखंड व्यवहार चालू असतो. कण त्यांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि परिस्थिती पालटली की सोडूनही देतात. पृष्ठभागावर होणाऱ्या या धरणुकीला रसायनशास्त्रात ‘अधिशोषण’ म्हणतात. जगातील कितीतरी नद्या व विहिरी आज पिण्याजोग्या आहेत याचे बरेचसे श्रेय या मूक व्यवहाराकडे जाते. मात्र धरून ठेवलेले विष नाहीसे झालेले नसते. ते केवळ पाण्याच्या खात्यातून मातीच्या खात्यात जमा झालेले असते. पाण्याचा नमुना तपासून ‘शुद्ध’ असा शेरा मारणारी व्यवस्था पहिले खाते पाहते आणि दुसरे उघडतच नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर प्रवाह मोजला जातो, साठा मोजला जात नाही. आणि संकट येते ते बहुधा साठ्यातून.

एका ग्रॅमचे सहा गुंठे

मातीच्या या गुणाचा पद्धतशीर शोध प्रदूषणाच्या चिंतेतून लागला नाही, शेतीच्या निमित्ताने लागला. शेतात घातलेल्या खतातील अमोनिया पावसाने वाहून का जात नाही, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जमीनदार व रसायनशास्त्रज्ञ या दोघांनाही पडला होता. थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे द्रावण झिरपू दिले. खाली जे पाणी आले त्यात अमोनियम जवळजवळ नव्हते. त्याच्या जागी कॅल्शियम आले होते. मातीने एक द्रव्य ठेवून घेतले आणि तेवढ्याच तोलाचे दुसरे परत केले. माती गाळणीसारखी केवळ अडवीत नाही, ती विनिमय करते, हे त्या दिवसापासून विज्ञानाला ठाऊक झाले.

पुढे या विनिमयाचे बारकावे उलगडत गेले. चिकणमातीप्रमाणेच, किंबहुना पुष्कळ धातूंच्या बाबतीत तिच्याहूनही प्रभावी, अशी लोखंडाच्या गंजाच्या जातीची खनिजे असतात. कोकणातल्या जांभ्या दगडाला त्याचा तांबूस रंग देणारी खनिजे ती हीच. नव्याने तयार झालेल्या अशा लोहखनिजाचे कण इतके सूक्ष्म असतात, की एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग सहाशे चौरस मीटरपर्यंत भरतो. शेतकऱ्याच्या हिशेबात ही जवळजवळ सहा गुंठे जमीन झाली. चिमूटभर गंजाच्या अंगावर एवढे क्षेत्र पसरलेले असेल, तर पाण्यातील अत्यल्प विषाला तेथे जागा मिळाली यात नवल नाही.

ही जागा मिळते कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. खनिजाच्या अंतर्भागातील लोहाचा प्रत्येक अणू सर्व बाजूंनी ऑक्सिजनने वेढलेला असतो. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू मात्र उघडी पडते आणि ती उणीव पाणी भरून काढते. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्यांचे जणू दाट गवत उगवते. पाणी आम्लधर्मी असेल तर या जोड्या जादा हायड्रोजन स्वीकारतात आणि पृष्ठभाग धनभारित होतो. पाणी अल्कधर्मी असेल तर त्या हायड्रोजन सोडतात आणि पृष्ठभाग ऋणभारित होतो. शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम यांचे आयन धनभारित असल्यामुळे पाण्याचा सामू वाढू लागला की ते अधिकाधिक चिकटतात. हा बदल संथ नसतो. सामूच्या एक-दोन अंशांच्या पट्ट्यातच ‘जवळजवळ काहीही धरले नाही’ येथपासून ‘जवळजवळ सर्व धरले’ येथपर्यंतचा प्रवास होतो. शिसे व तांबे काहीशा आम्ल पाण्यातही धरले जातात. जस्त व कॅडमियम यांना सामू अधिक लागतो. आर्सेनिक पाण्यात बहुधा ऋणभारित रूपात वावरते आणि त्यामुळे त्याची रीत नेमकी उलटी असते.

सगळी पकड सारखीही नसते. काही आयन पाण्याचा पातळ थर मध्ये ठेवून केवळ विद्युतभाराच्या ओढीने पृष्ठभागाजवळ रेंगाळतात. पाण्यातील इतर क्षार वाढले की ते सहज निसटतात. काही आयन पृष्ठभागावरील ऑक्सिजनशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतात आणि त्यांना हलविणे अवघड जाते. स्वित्झर्लंडमधील वेर्नर स्टुम व पॉल शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या बंधांचे गणित मांडले. १९८७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्याने ओल्या लोहखनिजावरील सेलेनियमची दोन रूपे तपासली, तेव्हा एक रूप थेट बांधलेले आणि दुसरे पाण्याच्या थराआड थांबलेले असल्याचे दिसले. शिवाय पृष्ठभागावरील जागा मोजक्या असतात. खतातून येणारे फॉस्फेट रासायनिक स्वभावाने आर्सेनिकचे जवळचे भावंड असल्यामुळे ते आले, की आर्सेनिकला जागा सोडावी लागते.

या सर्व तपशिलातून एक गोष्ट निष्पन्न होते. मातीची पकड ही अटींवर दिलेली हमी आहे. सामू, क्षार, स्पर्धक द्रव्ये आणि ऑक्सिजन या अटी कायम राहतील तोवरच हमी कायम राहते.

बंगालमधील ठेव

या अटी मोडल्या म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात घडले. हिमालयातून वाहत येणारा गाळ हजारो वर्षे तेथे साचत आला आहे. त्या गाळातील वाळूच्या कणांवर लोहखनिजाचे पातळ लेप असतात आणि त्या लेपांवर खडकांच्या झिजेतून आलेले थोडे आर्सेनिक चिकटलेले असते. प्रमाण किरकोळ, कोणत्याही अर्थाने ती आर्सेनिकची खाण नव्हे. परंतु गाळाबरोबर वनस्पतींचे अवशेषही गाडले गेले. ते कुजवणारे सूक्ष्मजीव प्रथम पाण्यातील ऑक्सिजन संपवतात आणि तो संपला की श्वसनासाठी लोहखनिजाचाच वापर करू लागतात. त्या क्रियेत गंज विरघळतो आणि त्याच्या अंगावर बसलेले आर्सेनिक पाण्यात उतरते. ठेवीदाराने ठेव काढून घेतली असे येथे झाले नाही. बँकेची इमारतच वितळली. त्यातच ऑक्सिजनविरहित पाण्यातील आर्सेनिकचे रूप बहुतांशी भाररहित असते, त्यामुळे दुसऱ्या कणाने त्याला पुन्हा धरण्याची शक्यताही कमी होते.

निसर्गाचा हा व्यवहार भूगर्भात फार पूर्वीपासून चालू होता. माणसाचा त्याच्याशी संबंध आला तो कूपनलिकांमुळे. तळी व नद्यांचे दूषित पाणी पिऊन होणाऱ्या अतिसाराने बालके दगावत होती. तिला उपाय म्हणून १९७० च्या दशकात बांगलादेश सरकार व युनिसेफ यांनी उथळ कूपनलिकांचा प्रसार केला. हेतू निःसंशय चांगला होता आणि जंतूंपुरता तो सफलही झाला. कूपनलिका स्वस्त होती, म्हणून लोकांनी पुढे स्वतःच्या पैशाने त्या खणल्या आणि त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. याच काळात महाराष्ट्रातही दुष्काळाने कूपनलिका व हातपंप गावोगाव पोहोचविले. पुढे देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपाची घडण सोलापूरच्या पंपावरूनच झाली होती. दख्खनचा काळा पाषाण आणि बंगालचा गाळ यांची जात भिन्न असल्यामुळे बंगालचे संकट जसेच्या तसे येथे कल्पिणे चुकीचे होईल. पण जमिनीखालचे पाणी म्हणजे निर्मळ पाणी, हा त्यामागील विश्वास दोन्हीकडे सारखाच होता.

१९८३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरील डाग व तळव्यांवरील घट्टे हे आर्सेनिकच्या विषबाधेचे आहेत, असे निदान केले. जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगाव विहिरी तपासून प्रश्नाची व्याप्ती पुढे आणली. बांगलादेशात हे विष प्रथम १९९३ मध्ये आढळले. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्था व बांगलादेशाचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी केलेली सुमारे साडेतीन हजार विहिरींची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत आर्सेनिकचे प्रमाण लिटरला ५० मायक्रोग्रॅम या बांगलादेशच्या मर्यादेपेक्षा अधिक होते आणि सुमारे साडेतीन कोटी लोक असे पाणी पीत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये सुचविलेली मर्यादा याहून पाचपट कडक, म्हणजे १० मायक्रोग्रॅमची आहे. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात हेच आढळले आणि प्रश्न त्रिभुज प्रदेशापुरता नाही हे स्पष्ट झाले.

एवढी वर्षे कोणाच्या लक्षात का आले नाही, या प्रश्नाचे उत्तर अप्रिय आहे. कोणी पाहिले नाही, म्हणून लक्षात आले नाही. या विषाला रंग, वास वा चव नाही आणि त्याचे परिणाम दिसण्यास वर्षे लागतात; त्वचेचे, फुप्फुसाचे वा मूत्राशयाचे कर्करोग तर त्याहूनही उशिरा उद्भवतात. १९९२ मध्ये बांगलादेशातील पाण्याची जी पाहणी झाली तीत अनेक द्रव्ये तपासली गेली होती, आर्सेनिक मात्र त्या यादीत नव्हते. यावरून ब्रिटनमध्ये खटला झाला. पाणी पिणाऱ्यांच्या संबंधात पाहणी करणाऱ्या संस्थेवर तसे कायदेशीर कर्तव्य येत नव्हते, असा निर्णय २००६ मध्ये तेथील लॉर्ड्स सभागृहाने दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच असेल. परंतु ज्याच्या अंगणात ती विहीर होती त्या माणसाचा प्रश्न त्याने सुटला नाही. मातीत काय साठले आहे हे पाहण्याचे कर्तव्य अखेर कोणाचे, हा तो प्रश्न होय.

भातखाचरातील पेच

मातीतील साठा निसर्गाचा नसून कारखान्याने निर्माण केलेला असेल तेव्हा काय होते, हे जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात दिसले. कामिओका येथील जस्त व शिशाच्या खाणीतून बाहेर पडणारे कॅडमियम नदीत मिसळत होते. नदीचे पाणी भातखाचरांत खेळत होते. खाचरातील मातीने आपल्या स्वभावाप्रमाणे कॅडमियम धरून ठेवले; परंतु तेथून ते भातात व भातातून माणसांत गेले. मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे ठिसूळ होण्याच्या असह्य वेदनांमुळे त्या रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हेच नाव पडले. जपान सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला, १९७१ मध्ये रुग्णांच्या बाजूने न्यायालयाचा निकाल लागला आणि १९७२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला.

येथे प्रश्न संपायला हवा होता, पण मातीतील साठा तसाच होता. दूषित खाचरे पूर्ववत करण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालले आणि २०१२ मध्ये पुरे झाले. कारखान्याने नदीत विष सोडणे थांबविले म्हणजे नदी स्वच्छ होते, असे मानणाऱ्यांनी हा कालावधी ध्यानात ठेवावा. प्रवाह बंद करण्यास एक हुकूम पुरतो. साठा निस्तरण्यास एका पिढीचे आयुष्य लागते.

भातखाचरातील रसायनशास्त्रात आणखी एक पेच आहे. खाचरात पाणी उभे असते तेव्हा ऑक्सिजन आत शिरत नाही. अशा स्थितीत कॅडमियम गंधकाशी बांधले जाऊन स्वस्थ बसते. कापणीपूर्वी पाणी काढून जमीन वाळवली की ऑक्सिजन येतो, बंध मोडतो आणि कॅडमियम पिकाच्या मुळांना उपलब्ध होते. म्हणून कॅडमियम टाळायचे तर कणसे बाहेर पडण्याच्या सुमारास खाचर भरलेले ठेवावे लागते. आर्सेनिकचे उलट आहे. खाचर भरले की लोहखनिज विरघळते आणि आर्सेनिक सुटते. एका विषाला बांधणारी अट दुसऱ्याला मोकळे करते. बांगलादेशात उथळ कूपनलिकांच्या पाण्यावर उन्हाळी भात पिकविले जाते, तेव्हा त्या पाण्यातील लोह शेतात उघड्या हवेत पुन्हा गंजते आणि आर्सेनिकला बांधून वरच्या थरात ठेवते. पावसाळ्यात शेत बुडाले की त्यातील काही पुन्हा सुटते. एका सूत्रात सर्व धातूंचा बंदोबस्त करू पाहणारी नियमावली येथे निरुपयोगी ठरते, हे उघड आहे.

मुदत किती, आणि ती कोणासाठी?

मातीच्या पकडीचे खरे मोल कशात आहे, हे व्हिएतनाममधील एका अभ्यासाने चांगले दाखविले. हॅनोई शहर जमिनीखालून प्रचंड पाणी उपसते. त्या उपशामुळे शहराजवळच्या वान फुक या गावाखालचे दूषित पाणी जुन्या, स्वच्छ थराकडे ओढले जात आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की आर्सेनिक त्या स्वच्छ थरात १२० मीटरहून अधिक शिरले आहे. परंतु त्याच काळात पाणी स्वतः त्याच्या सोळा ते वीसपट अंतर चालून गेले आहे. वाटेतील वाळूने आर्सेनिकला पदोपदी थांबवून धरले. नुसते पाण्याचे अंतर पाहिले असते तर दोन किलोमीटरचा पट्टा बाधित झाला असता. खनिजाच्या पृष्ठभागाने तो एवढ्यावर रोखला.

हे रोखणे म्हणजे ऋणमाफी नव्हे, मुदतवाढ आहे. मुदत मिळालेला शहाणा ऋणको त्या काळात परतफेडीची व्यवस्था करतो. बेफिकीर ऋणको आणखी कर्ज काढतो. बंगालमध्येही खोल थरांतील जुनी वाळू अद्याप तांबूस आहे. याचा अर्थ तिच्यावरील लोहाचे लेप शाबूत आहेत आणि आर्सेनिक त्यांनी धरून ठेवले आहे. करडी वाळू लागली तर धोका, तांबूस लागली तर बहुधा सुरक्षित, ही खूण बांगलादेशातील विहिरी खणणाऱ्या कारागिरांच्याही परिचयाची असून संशोधकांनी ती पडताळून पाहिली आहे. तेव्हा खोल थरातील हे पाणी केवळ पिण्यासाठी राखून ठेवणे हे शहाणपणाचे ठरेल. तेच पाणी सिंचनासाठी बेसुमार उपसले, तर वरचे दूषित पाणी खाली ओढले जाईल आणि मिळालेली मुदत मुदतीपूर्वीच संपेल. व्यक्तीला जे स्वस्त पडते ते समाजाला महाग पडते, या अर्थशास्त्रातील जुन्या सिद्धांताचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

गाळणीचा गाळ

ज्या पृष्ठभागामुळे संकट समजते त्याचाच उपयोग करून ते दूर करण्याचे प्रयत्नही झाले. बांगलादेशात जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन करणारे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी लोहयुक्त पदार्थाचा थर असलेली साधी घरगुती गाळणी तयार केली. तिला २००७ मध्ये अमेरिकेतील दहा लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला. वाळू, विटांचे तुकडे व लोह वापरणारी ही गाळणी विजेशिवाय चालते. शास्त्रीय ज्ञान गरिबाच्या घरापर्यंत कसे न्यावे याचा तो उत्तम नमुना आहे.

परंतु यंत्र चांगले असणे निराळे आणि व्यवस्था चांगली असणे निराळे. पश्चिम बंगालमध्ये विविध उत्पादकांनी गावोगाव बसविलेल्या आर्सेनिक-निवारण संयंत्रांवर संशोधकांनी दोन वर्षे लक्ष ठेवले आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहणीतील एकही संयंत्र आर्सेनिक सातत्याने १० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवू शकले नाही. यामागील एक कारण रसायनशास्त्रातच आहे. पृष्ठभागावरील जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की गाळणी ही नुसती वाळूची पेटी उरते आणि नळाला येणारे पाणी पूर्वीइतकेच नितळ दिसते. दुसरे कारण प्रशासनाचे आहे. उद्घाटनासाठी निधी असतो, देखभालीसाठी नसतो. आणि माध्यम बदलले तरी जुन्या माध्यमाचे करायचे काय? त्याच्यावर वर्षभराचे विष जमा असते. ते ओल्या, कुजकट खड्ड्यात टाकले, की ऑक्सिजन संपेल, लोह विरघळेल आणि बंगालच्या भूगर्भात जे घडले त्याची लहानशी आवृत्ती गावाच्या उकिरड्यात घडेल. हंड्याच्या तळाशी बसलेल्या गाळाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

हिशेब पुरा करण्याचा मार्ग

एवढ्या विहिरी वारंवार तपासणे गरीब देशांना परवडेल काय, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीरपणे विचारात घ्यावयास हवा. बांगलादेशात या शतकाच्या आरंभी सुमारे ५० लाख विहिरी तपासून सुरक्षित विहिरींना हिरवा व धोक्याच्या विहिरींना तांबडा रंग लावण्यात आला. आडाईहजार भागात पाच-सहा हजार विहिरींची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्या विहिरी असुरक्षित निघाल्या. पण बहुसंख्य कुटुंबांना शंभर मीटरच्या आत एक तरी सुरक्षित विहीर होती. शेजाऱ्याच्या विहिरीत विष नाही आणि आपल्या विहिरीत आहे, एवढी माहिती मिळताच अनेक कुटुंबांनी विहीर बदलली. माहिती हे येथे सर्वांत स्वस्त औषध ठरले. ते कोणी एकट्याने विकत घेत नाही, कारण तपासणीचा खर्च एकाने करावा आणि लाभ सर्वांना व्हावा असे तिचे स्वरूप असते. म्हणूनच ती पुरविणे हे शासनाचे काम आहे. ते काम एकदाच करून चालत नाही. रंग उडतो, नव्या विहिरी खणल्या जातात, पाण्याची घडण बदलते. बांगलादेशात अद्याप सुमारे दोन कोटी लोक दूषित पाणी पीत आहेत, असा अंदाज ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०१६ मध्ये दिला होता. पहिल्या रंगरंगोटीनंतर हिशेबाची वही मिटून ठेवल्याचा हा परिणाम होय.

भारतानेही २०१५ मध्ये आर्सेनिकची सवलतीची मर्यादा काढून टाकून १० मायक्रोग्रॅम हीच मर्यादा स्वीकारली, हे योग्यच झाले. परंतु मानक हे पाण्याचे असते, मातीचे नसते. ज्या खाडीत, नदीत वा तलावात वर्षानुवर्षे कारखान्यांचे सांडपाणी गेले आहे तेथील पाण्याच्या अहवालाबरोबर तळाच्या गाळाचा अहवाल मागणे हे पहिले पाऊल असले पाहिजे. गाळ उपसण्यापूर्वी, तो शेतात पसरण्यापूर्वी, बांध फोडण्यापूर्वी अथवा आम्लयुक्त पाणी सोडण्यापूर्वी, मातीने धरलेले काय सुटणार आहे, हे विचारले जावे. निवारण-संयंत्राच्या निविदेत वापरलेल्या माध्यमाची विल्हेवाट आणि निदान काही वर्षांची तपासणी यांचा खर्च आरंभीच धरला जावा. आणि ज्याने विष सोडले त्याची जबाबदारी पाणी स्वच्छ दिसू लागल्याच्या दिवशी संपू नये. मातीतील साठा शिल्लक असेपर्यंत ती चालू राहावी. जिन्झूच्या खोऱ्यात निकालानंतर झालेल्या करारान्वये रहिवाशांना तज्ज्ञ बरोबर घेऊन खाणीची पाहणी करण्याचा हक्क मिळाला आणि तिचा खर्च कंपनीवर पडला. हक्क, ज्ञान व खर्च या तिन्हींची अशी सांगड इतरत्रही घालता येण्यासारखी आहे.

यांतील एकही गोष्ट विज्ञानाला अज्ञात नाही. कणाच्या पृष्ठभागावर काय घडते हे वे याच्या प्रयोगापासून पावणेदोनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने उलगडले आहे. उणीव आहे ती त्या ज्ञानाला जमाखर्चात स्थान देण्याची. मातीने आजवर विनामूल्य सांभाळलेली ठेव कोणत्या अटींवर सांभाळली आहे, हे न पाहता त्या अटी मोडीत काढणे म्हणजे पुढील पिढीच्या नावावर तिच्या संमतीवाचून कर्ज काढणे होय. त्या कर्जाचे व्याज बंगालमधील लक्षावधी माणसे आपल्या देहाने फेडीत आहेत. इतरत्र अजून मुदत आहे. तीत काय करायचे, एवढेच ठरवायचे उरले आहे.